घरचं नेट आणि कॉम्प्युटर अडून बसला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नेट चालत नाहीये" या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. फोनवर आणि मेसेजमधून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, चकवा देणारे नंतर. खाली जिथे काही टाइप करायला सांगितलं आहे, तिथे अक्षरं आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकायचे.

१. वाय-फाय फुल दाखवतंय, तरी एकही साइट उघडत नाही. असं कसं?

कारण वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलपासून राउटरपर्यंतचा रस्ता म्हणजे वाय-फाय. राउटरपासून पुढे बाहेरच्या जगापर्यंतचा रस्ता म्हणजे इंटरनेट. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं ते चिन्ह फक्त पहिल्या रस्त्याची खुशाली सांगतं. घरातले नळ धडधाकट आहेत पण टाकीच रिकामी आहे, अशातली ही गत.

म्हणून आधी रस्ता कुठे तुटलाय ते शोधायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाका. हा बहुतेक राउटरांचा स्वतःचा पत्ता असतो. तुमचा वेगळा असेल तर राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर सापडेल. लॉगिनचं पान उघडलं, तर घरातला रस्ता ठीक आहे आणि बिघाड पुढे आहे (प्रश्न ३). पान उघडलंच नाही, तर बिघाड घरातच आहे (प्रश्न ७ आणि १२).

दुसरी परीक्षा याहून सोपी: घरातल्या बाकीच्यांचं चालतंय का? एकाच लॅपटॉपची तक्रार असेल तर राउटरला हात लावायची गरजच नाही. हे विचारल्यावर कितीतरी फोन तिथेच संपतात.

२. राउटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत होतं. यात नेमकं होतं काय?

राउटर हा छोटा कॉम्प्युटरच आहे. घरातलं कुठलं उपकरण बाहेर कुणाशी बोलतंय याची यादी तो मेमरीत ठेवतो. यादी फुगली, सॉफ्टवेअर कुठे अडकलं किंवा कंपनीकडचं लॉगिन अर्धवट तुटलं, की तो चालू दिसतो पण काम करत नाही. वीज गेली की मेमरी कोरी होते आणि तो सगळं नव्याने जुळवतो.

मात्र बटण दाबून लगेच पुन्हा दाबू नका. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. मग दोन-तीन मिनिटं धीर धरा.

महिन्यातून एकदा असं करावं लागलं तर सोडून द्या. रोज करावं लागत असेल तर हा इलाज नाही, नुसती मलमपट्टी आहे. बंद कपाटात ठेवून राउटर तापतोय का ते पाहा. त्याचा अडॅप्टर म्हातारा झालाय का तेही पाहा. बऱ्याचदा खरा गुन्हेगार तोच असतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत जुन्याइतकेच हवेत, पिनची जाडी आणि ध्रुव (अधिक-उणे) तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही.

३. राउटरवर एवढे दिवे असतात. त्यांतला कुठला बघायचा?

फायबरचं कनेक्शन असेल तर 'पॉन' (PON) आणि 'लॉस' (LOS) हे दोन. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीपर्यंतची तार जिवंत आहे. तो लुकलुकत राहिला तर डबा कंपनीच्या यंत्राशी अजून ओळख करून घेतोय. 'लॉस' लाल झाला तर काचेच्या तारेतून प्रकाशच पोहोचत नाहीये: तार कुठेतरी तुटली, फार वाकली किंवा सैल झाली. फर्निचर सरकवताना पिवळी किंवा पांढरी बारीक वायर करकचून दुमडली गेली नाही ना, एवढं बघा. तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

'पॉन' स्थिर आणि 'इंटरनेट'चा दिवा लाल किंवा विझलेला, अशी जोडी दिसली तर तार ठीक आहे, लॉगिन होत नाहीये. प्लॅन संपला असेल, पासवर्ड पुसला गेला असेल (प्रश्न ४) किंवा कंपनीच्या बाजूचा घोळ असेल. अशा वेळी वाय-फायच्या सेटिंगमध्ये बोटं घालून काही निष्पन्न होत नाही. दिव्यांचा एक फोटो काढा, तो प्रश्न २० मध्ये कामाला येईल.

४. मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करू का?

नको. रीस्टार्ट आणि रीसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या भोकातलं बटण काही सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पण अनेक कनेक्शनमध्ये कंपनीने भरलेलं युजरनेमही जातं. मग नेट सुरू करायला त्यांचा माणूस येईपर्यंत बसून राहा. तुमचं युजरनेम-पासवर्ड लिहून ठेवलेलं असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तरच त्या भोकाकडे वळा.

५. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड १२ च्या पुढे जात नाही. कंपनी फसवतेय का?

या बाबतीत तरी नाही. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुम्हाला १२ मिळत असतील तर पूर्ण माप मिळतंय.

खरा वेग मोजायचा तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकी सगळी उपकरणं थांबवा आणि मग स्पीड टेस्ट लावा. वाय-फायवर मोजलेला आकडा तुमच्या भिंतींबद्दल जास्त सांगतो, प्लॅनबद्दल कमी.

६. प्लॅन ३०० चा घेतला, केबलनेच जोडलंय, तरी आकडा ९४ वर खिळलेला. का?

९४-९५ हा आकडा दिसला की हुरूप येतो, कारण याचं उत्तर जवळपास ठरलेलं आहे. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, १०० मेगाबिटच्या जोडणीत थोडा हिस्सा त्या पाकिटांच्या वेष्टनात खर्च होतो आणि हातात साधारण एवढंच उरतं. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चीच जोडणी झाली आहे. राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असेल, नाहीतर केबल खराब असेल.

केबलची गंमत अशी, की तिच्यात ८ तारांच्या ४ जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. माझ्याकडे टेबलाच्या पायाखाली दबलेली केबल अशीच कित्येक दिवस १०० वर चालत होती आणि मी मात्र राउटरच्या सेटिंगमध्ये दोन संध्याकाळी घालवल्या. केबल बदलून बघा, तिच्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ असं छापलेलं असावं. मग त्या सेटिंगा उघडायची वेळच येणार नाही.

७. राउटरजवळ झकास चालतं, आतल्या खोलीत मात्र रांगतं. काय करू?

आधी दोन पट्ट्यांचा फरक लक्षात घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी आणि गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दोन भिंतींतच दमते. आतल्या खोलीत मोबाइल ५ ला चिकटून बसला असेल तर त्याला २.४ वर घ्या; वेग कमी असला तरी जोडणी टिकेल.

मग राउटरची जागा. उंचावर, मोकळा आणि घराच्या मध्याकडे. लोखंडी कपाटामागे, आरशामागे, टीव्हीच्या पाठीमागे किंवा माशांच्या टाकीशेजारी नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. उभ्या अँटेनाची लहर आडवी पसरते, टोकातून बाहेर पडत नाही. त्यामुळे अँटेनाचं टोक खोलीकडे रोखून काही साधत नाही, उलट बिघडतंच. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. तो चालू असताना शेजारचं २.४ चं नेट अडखळलं तर चक्रावून जाऊ नका.

शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असेल तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक चॅनेल निवडा. मधले निवडले तर दोन्हीकडच्यांशी भांडण होतं, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल हे तीनच आहेत.

एक्स्टेंडर (वाय-फायची रेंज पुढे पोहोचवणारा डबा) घ्यायचाच असेल तर तो रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, तिथे त्यालाही रेंज नसते! अर्ध्या वाटेवर ठेवा. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्याजवळ येतो. माझं स्पष्ट मत: शक्य असेल तर त्या खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर लावा. एकदाच खटाटोप, पण कायमची सुटका. पद्धत प्रश्न १८ मध्ये.

८. नवा स्मार्ट बल्ब वाय-फायला जोडलाच जात नाही.

अशी बरीच छोटी उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर जोडणी होईपर्यंत ५ तात्पुरतं बंद ठेवा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर ठेवला असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा.

९. काही ॲप चालतात, पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाहीत. नेट आहे की नाही?

बहुधा आहे, पत्ता सांगणारा गायब आहे. साइटचं नाव टाइप केलं की डीएनएस नावाची व्यवस्था त्याचं आकड्यांच्या पत्त्यात रूपांतर करते. ती बसली की रस्ता शाबूत असूनही कुठे जायचं तेच कळत नाही. ज्या ॲपनी जोडणी आधीच धरून ठेवलेली असते ती मात्र चालत राहतात.

खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' (ping) लिहा, एक जागा सोडा आणि ८.८.८.८ टाका. उत्तरं आली पण साइटच्या नावाला पिंग केल्यावर नाव सापडत नाही असं आलं, तर दोष डीएनएसचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरा: गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१.

दोन अपवाद. पूर्वी कधी व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) लावून विसरला असाल तर हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. आधी ते बंद करा. आणि एकच साइट बंद असेल तर ती मोबाइल डेटावर उघडून बघा. तिथेही नसेल तर दोष साइटचा.

१०. अचानक प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागली. व्हायरस आहे का?

आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमचा कॉम्प्युटर काही वर्षं मागे गेला असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं.

तारीख दुरुस्त करूनही दर वेळी वीज काढल्यावर मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो.

घड्याळ बरोबर असूनही फक्त बाहेरच्या फुकट वाय-फायवर असं होत असेल तर तिथलं लॉगिनचं पान आड येत असतं. आणि घड्याळ बरोबर, घरचंच नेट, पण बँकेच्या साइटवर ही सूचना आली, तर 'तरीही पुढे जा' अजिबात दाबू नका.

११. स्पीड टेस्ट छान येते, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो.

मीटिंगला वेग फारसा लागत नाही, वेळेवर पोहोचणं लागतं. घरात कुणाचा तरी मोबाइल त्याच वेळी शेकडो फोटो ढगात चढवत असतो, अपलोडची अरुंद गल्ली तुंबते आणि तुमच्या आवाजाची पाकिटं त्या रांगेत उभी राहतात. फोटोंचा बॅकअप मीटिंगच्या वेळी थांबवा. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाची पाकिटं आधी सोडायची ते ठरवणारी सोय) असेल तर तुमच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

दोष कुठला ते पडताळायला दोन खिडक्यांत सतत पिंग लावा, एक राउटरच्या पत्त्याला, दुसरा ८.८.८.८ ला. विंडोजमध्ये पिंग चारदाच जातं. सतत चालवायचं तर शेवटी एक जागा सोडून आडवी रेघ आणि 'टी' (-t) जोडा. राउटरचंच उत्तर मधूनमधून शंभर मिलिसेकंदांपलीकडे उडत असेल तर वाय-फाय दोषी. राउटरचं स्थिर आणि बाहेरचं उडतंय, तर पुढचा रस्ता.

१२. आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतोय. हा काय प्रकार?

हा पत्ता कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला दिलेला असतो. राउटरकडे पत्ता मागितला, कुणी दाद दिली नाही, म्हणून हा तात्पुरता आसरा. त्यावर इंटरनेट चालत नाही. केबल घट्ट बसवा, वाय-फायचं नाव 'विसरा' करून पुन्हा जोडा, मग राउटर रीस्टार्ट करा. तरीही तेच, तर राउटरमधलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद झालंय का पाहा.

१३. कॉम्प्युटर फार हळू झालाय. क्लीनर टाकू का?

क्लीनर नको. दर वेळी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या' म्हणून घाबरवणारं सॉफ्टवेअर स्वतःच एक ओझं असतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कुठला रकाना शंभराला टेकलाय? मेमरी भरली असेल तर ब्राउझरचे टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा. प्रोसेसर एखादाच प्रोग्रॅम खात असेल तर तो बंद करा. डिस्क सतत १०० टक्के आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. जुन्या मशिनवर याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

पैसे घालण्याआधी एवढं बघा, की मशिन विंडोज ११ झेपवेल का. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं. नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे, नुसतं ब्राउझर आणि मेल वापरणाऱ्यांना तर सहज जमतो.

१४. मी रोज शट डाउन करते. मग पुन्हा 'रीस्टार्ट करा' का सांगता?

कारण विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, कालच्या बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं शून्यातून सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच.

१५. बटण दाबलं तरी स्क्रीन काळीच.

पंखा फिरतो का, दिवा लागतो का ते पाहा. काहीच नाही, तर वीज: चार्जर, सॉकेट, डेस्कटॉपच्या मागचा स्विच. लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा. साठलेला चार्ज निघून गेला की पुष्कळदा जागा होतो.

पंखा फिरतोय पण चित्र नाही, तर आधी मॉनिटरची केबल आणि त्याचा इनपुट तपासा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर केबल कार्डाला हवी, मदरबोर्डला नाही. बीप येत असतील तर रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा, अर्थात वीज पूर्ण काढून.

लॅपटॉपचं बूड किंवा टचपॅड फुगल्यासारखं वाटत असेल तर हे काहीही करू नका. ती बॅटरी आहे. चार्जिंग थांबवा, दाबू-टोचू नका, जाणकाराकडे न्या.

१६. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येतोय, पण फाइली उघडतात.

उघडताहेत तोवर सगळ्यांत महत्त्वाच्या फाइली आत्ता दुसरीकडे उतरवा, हे पान नंतर वाचा. दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नका, त्याने मरणाऱ्या डिस्कला आणखी पळावं लागतं.

१७. स्क्रीनभर 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' आलं आणि बंदच होत नाही.

फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. हे ब्राउझरचं एक साधं पान आहे, पूर्ण स्क्रीनवर पसरलेलं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि उघडताना जुने टॅब परत आणू नका.

फोन केला असेल आणि कुणाला स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर आधी नेट तोडा. मग दुसऱ्या उपकरणावरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला. लाजेपोटी उशीर करू नका, भले भले यात अडकलेत.

१८. जुना राउटर आतल्या खोलीत जोडला आणि सगळ्या घराचं नेट गेलं!

दोन्ही राउटर स्वतःला घराचे मालक समजताहेत. दोघंही पत्ते वाटताहेत, कदाचित दोघांचा पत्ताही एकच आहे. जुन्यात जाऊन त्याचा पत्ता बदला (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२), डीएचसीपी बंद करा, आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या 'वॅन' पोर्टमध्ये नाही तर 'लॅन' पोर्टमध्ये लावा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर एवढंही करावं लागत नाही.

याहून विचित्र प्रकार मी स्वतः केलाय. आवराआवर करताना एक मोकळं टोक दिसलं, ते रिकाम्या पोर्टमध्ये बसवून टाकलं. दुसरं टोक त्याच राउटरमध्ये होतं. पाकिटं गोल गोल फिरत राहिली आणि सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले. तसं दिसलं तर शेवटची लावलेली केबल काढा.

१९. ५ गिगाहर्ट्झचं नाव मधूनच गायब होतं आणि मिनिटभराने परत येतं. वेगळी तक्रार: बाहेरची हार्डडिस्क लावली की २.४ मंदावतं.

पहिलीचं कारण रडार. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल हवामानाची आणि इतर रडारंही वापरतात, म्हणून राउटरला तिथे बसण्याआधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो आणि रडार ऐकू आलं की जागा सोडावी लागते. चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एक ठरवून द्या, पळापळ थांबेल.

दुसरीचं कारण यूएसबी ३. त्याच्या वेगवान संदेशांचा गोंगाट २.४ च्या पट्टीत सांडतो; इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलं होतं. वाय-फायचा डोंगल किंवा वायरलेस माउसचा रिसीव्हर हार्डडिस्कपासून दूर, छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावा, नाहीतर ५ वापरा.

२०. सगळं करून झालं. आता कंपनीला तक्रार करताना काय सांगू?

"नेट नाही" एवढंच सांगू नका. कधीपासून, सतत की मधूनमधून, कुठले दिवे कुठल्या रंगाचे (प्रश्न ३ मधला फोटो), केबलने जोडून मोजलेला वेग किती (प्रश्न ५), आणि राउटरचं पिंग स्थिर असताना बाहेरचं तुटतं का (प्रश्न ११), हे लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. मधूनमधून तुटत असेल तर दोन-तीन दिवसांच्या वेळा टिपा. रोज ठरावीक वेळी मंदावत असेल तर ती बहुधा त्यांच्याकडची गर्दी असते, आणि वेळेचा तक्ता समोर ठेवला की ती नाकारणं अवघड जातं.

तरी पलीकडून पहिलं वाक्य "राउटर बंद करून चालू करा" हेच येईल. चिडू नका, पुन्हा करा, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.